मनगटापासून कोपरापर्यंत

मी लेडीज टेलर आहे. इंदिरानगरला छोटं दुकान आहे, ब्लाउज आणि ड्रेस शिवतो. मूळ गाव घोटी. घर पिंजाऱ्यांचं, वडील गाद्या भरायचे. आमच्या घरात सगळे मराठीच बोलतात, त्यामुळे हेही मराठीत लिहितोय. एरवी मला लिहायची सवय फक्त मापांची.

किरणोपचाराच्या हॉलमध्ये नवीन येणारा जो तो एकच प्रश्न विचारायचा, आणि मीही तोच विचारला होता. गाठ आहे तर ती आधी कापून का टाकत नाहीत? याचं डॉक्टरी उत्तर डॉक्टर देतील. पण ते उत्तर ऐकून घरी आल्यावर पुढचे दिवस कसे जातात, हे मात्र मी सांगू शकतो. कुणाला उपयोग झाला तर बरं.

बटण

कटिंग करताना उजवा हात टेबलाला टेकवून कात्री पुढे सरकवायची असते. एकदा तो हात टेबलावर नीट बसेना. खाली खडूचा तुकडा आला असेल असं वाटून मी टेबल झाडलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा झाडलं. मग लक्षात आलं की खडूबिडू काही नाही, हाताच्या आतल्या बाजूलाच, मनगट आणि कोपर यांच्या मधोमध, काहीतरी आहे.

दुखत नव्हतं. दुखलं असतं तर लवकर गेलो असतो. आमच्या भागातल्या डॉक्टरांनी दाबून पाहिलं, चरबीची गाठ असेल म्हणाले, वाढली तर या म्हणाले. ती वाढली, पण लग्नसराई चालू होती आणि बायका ब्लाउजसाठी दुकानात ठाण मांडून बसल्या होत्या. उजव्या बाहीचं बटण लागेना झालं तेव्हा मी ते उसवलं आणि जरा पुढे सरकवून लावलं. टेलरला ते काय अवघड.

ते बटण माझ्या बायकोनं, नसीमनं, कपडे वाळत घालताना पाहिलं. एका बाहीचं बटण इथे आणि दुसऱ्या बाहीचं तिथे. तिनं शर्ट घेऊन माझ्यासमोर धरला आणि हे काय आहे असं विचारलं. मी सांगितलं. ती चप्पल घालून दारात उभी राहिली. मी उठेपर्यंत हलली नाही.

नसीम मेंदी काढते. नवरीची, डोहाळजेवणाची, सगळी. वडाळ्यापासून पाथर्डी फाट्यापर्यंत तिला बोलावणी येतात. हात एकदा टेकवला की ती घोटभर पाण्यालासुद्धा उठत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे त्यातूनच सगळं घडलं.

एकच प्रश्न

एमआरआय झाला, सुई टाकून तुकडा काढला, रिपोर्ट आला. शहराच्या दुसऱ्या टोकाला मोठं हॉस्पिटल आहे, तिथल्या डॉक्टरबाईंनी आम्हाला समोर बसवलं आणि सार्कोमा असा शब्द सांगितला. नसीमनं विचारलं, म्हणजे कॅन्सरच ना? बाई हो म्हणाल्या. त्यांनी आडवळण घेतलं नाही याचं मला तेव्हा वाईट वाटलं होतं. आता बरं वाटतं.

मला एकच विचारायचं होतं.

"हात राहील का?"

"राहावा म्हणूनच आधी लाईट, म्हणजे किरणोपचार, देतोय," बाई म्हणाल्या. "पण नक्की राहील असं मी आज म्हणणार नाही."

त्यांनी कागदावर हात काढून दाखवला. अंगठ्याला आणि त्याच्या शेजारच्या बोटांना चालवणारी नस गाठीला अगदी लागून गेली होती. आज कापायला घेतलं तर नसेसकट कापावं लागेल, कदाचित हातच वरून काढावा लागेल. आधी पाच आठवडे लाईट दिली, तर गाठीच्या कडेच्या पेशी मरतील आणि सर्जनला नसेच्या जवळून सुरी नेता येईल. मग महिनाभर थांबायचं, कातडी निवू द्यायची, आणि मग ऑपरेशन. म्हणजे कॅन्सर अंगात आहे हे कळल्यावरही दोन-सव्वादोन महिने तो अंगात घेऊन फिरायचं.

खाली येऊन आम्ही चहा घेतला. चहात साखर कमी होती म्हणून मी चहावाल्यावर इतका भडकलो की आजूबाजूचे लोक बघायला लागले. नसीमनं माझा कप उचलून स्वतः पिऊन टाकला आणि मला तिचा दिला. त्यातही साखर तेवढीच होती.

त्याच आवारात मी एक माणूस पाहिला. त्याचा उजवा हात खांद्यापासून नव्हता आणि शर्टाची बाही वर दुमडून सेफ्टी पिनेनं टाचली होती. मला आधी पीनच दिसली. वाटलं, एवढा चांगला शर्ट, बाही आतून घेऊन नीट शिवून द्यायला हवी होती कुणीतरी. आणि दुसऱ्याच क्षणी वाटलं की माझी वेळ आली तर मला शिवून कोण देणार? टेलर तर मीच. रिक्षात बसल्यावर मी रडलो. नसीम रस्त्याकडे बघत राहिली, आणि रिक्षावाल्याला तिनं लांबच्या रस्त्यानं घ्यायला सांगितलं.

आधी का कापत नाहीत

घोटीहून अम्मा आली, पाठोपाठ मामा आला. मामाचं म्हणणं सरळ होतं. अंगात वाईट वस्तू सापडली तर माणूस ती आधी बाहेर काढतो, तिला पाच आठवडे पाहुण्यासारखं ठेवून घेत नाही. डॉक्टर वेळ काढताहेत असं तो म्हणाला. त्र्यंबकच्या बाजूला कुणी पाला बांधणारा आहे, त्याच्याकडे चल असंही म्हणाला. अम्मानं पाल्याला नाही म्हटलं, पण कापायचं मात्र तिलाही पटलं होतं. ती माझा हात मांडीवर घेऊन बसायची आणि गाठीवरून बोट फिरवायची.

"रफिक, ही अशी हातात ठेवून तुला झोप तरी कशी येती रे," ती म्हणायची. "मला तर लय भ्या वाटतं."

मला झोप येत नव्हतीच. पण ते तिला सांगून उपयोग नव्हता. हे ज्यांच्या घरात चाललं असेल त्यांना माझं एवढंच सांगणं आहे की मामाला डॉक्टरांकडे घेऊन जा. आपण समजावून काही होत नाही. आपण आजारी असतो, आपलं कोण ऐकतं.

हलू नका

पहिल्या दिवशी हाताचा साचा केला. जाळीचं पांढरं प्लास्टिक गरम पाण्यातून काढून हातावर दाबून बसवतात, ते थोड्या वेळात कडक होतं. रोज हात त्याच साच्यात, त्याच जागी ठेवायचा. मग कातडीवर मार्करनं जांभळ्या रेघा मारतात. साच्यावरची रेघ आणि कातडीवरची रेघ जुळली की हात बरोबर बसला. मला हे लगेच समजलं, माझा धंदाच तो आहे. वर्षाताई म्हणून तिथल्या तंत्रज्ञ होत्या. त्यांनी सांगितलं की रेघा पुसू देऊ नका, साबण, तेल, पावडर काही लावू नका.

मशीनची खोली तळघरात होती. जाड दार बंद होतं आणि आपण एकटेच. मग स्पीकरवरून वर्षाताईंचा आवाज यायचा, "हलू नका." आयुष्यभर मी बायकांना माप घेताना हेच सांगत आलो होतो. आता कळलं की हलू नका म्हटलं की नेमकं नाक खाजतं. काही दुखत नाही, काही दिसत नाही, घरघर होते आणि दार उघडतं. पहिल्या दिवशी मी विचारलं, झालं? त्या म्हणाल्या, झालं. एवढ्यासाठी मी आदल्या रात्रीपासून जेवलो नव्हतो.

गाऊनबद्दल मात्र बोलायलाच हवं. तो ज्यानं कापला त्याला माणसाला खांदे असतात हे माहीत नसावं. मी तसं वर्षाताईंना सांगितलं, तर त्यांनी पुढच्या आठवड्यात मला दोन गाऊन दाखवले आणि यातला कुठला बरा असं विचारलं. दोन्ही वाईट होते.

हॉलमध्ये माझ्या शेजारी सोनवणेबाई बसायच्या. निवृत्त शिक्षिका, छातीचं ऑपरेशन होऊन मग लाईटला आलेल्या. त्यांचं आधी ऑपरेशन आणि नंतर लाईट, माझं आधी लाईट आणि नंतर ऑपरेशन. त्या म्हणायच्या, तुमचा पेपर उलटा काढलाय, मास्टर. त्यांना जुनी ब्लाउजं काखेत टोचायची, कातडी सोललेली होती. त्यांनी जुनं ब्लाउज मापाला आणलं आणि मी मऊ मलमलचं, पुढून उघडणारं, काखेत शिवण न येणारं ब्लाउज कापून दिलं. दुकान तेव्हा मेहुणा सांभाळत होता, शिवलं त्यानंच. कटिंग मी केलं. बाईंनी ते घालून येऊन हात वर करून दाखवला, दोनदा. त्या दिवसांत मला झालेला तो सगळ्यात मोठा आनंद.

वजू

मी काही फार धार्मिक माणूस नाही. जुम्म्याची नमाज आणि ईद, एवढंच. पण रिपोर्ट आल्यापासून पाचही वेळा पढायला लागलो होतो. नमाजेआधी वजू करायचा, त्यात दोन्ही हात मनगटापासून कोपरापर्यंत धुवायचे असतात. माझ्या रेघा नेमक्या तेवढ्यातच होत्या.

मशिदीतल्या इमामसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, आजारी माणसाला सूट आहे, त्या हातावर ओला हात नुसता फिरवा, तेही जमत नसेल तर पाण्याशिवाय करा. इतकं सोपं सांगितलं त्यांनी. पण मला ते करवेना. पाणी हातावरून कोपरापर्यंत ओघळताना मला हात पूर्ण असल्यासारखं वाटायचं. पुढे धुवायला तो असेल की नाही कोण जाणे, तर आहे तोवर धुऊ दे, असं काहीतरी मनात होतं. मी चोळत नव्हतो, फक्त पाणी सोडत होतो. रोज जात होतो तोवर वर्षाताई फिकट झालेली रेघ पुन्हा गडद करायच्या आणि मला रागवायच्या.

तिसऱ्या आठवड्यात शनिवार-रविवारला जोडून शुक्रवारची सुट्टी आली. उकाडा होता, घामही होता. रविवारी संध्याकाळी मी हात उजेडात धरला तर मनगटाकडची रेघ दिसत होती, कोपराकडची नव्हती. माझ्या तोंडचं पाणी पळालं. आता लाईट चुकीच्या जागी पडणार, नस जाणार, असं मी बडबडायला लागलो. हॉस्पिटलला फोन लावला तो कुणी उचलला नाही.

नसीमनं माझा हात उशीवर घेतला. चष्मा लावला, खिडकीशी सरकली. तिला रेघेचा माग दिसत होता म्हणाली, जरा जरा. दुसऱ्या दिवशी एका मुलीची मेंदी होती, कोन तयार होते. तिनं कोन घेतला आणि जिथे रेघ दिसत होती तिथून सुरू करून जिथे दिसत नव्हती तिथपर्यंत एका दमात ओढली. हात हलला नाही तिचा. मग लिंबू-साखरेचं पाणी लावलं, रंग चढावा म्हणून. मला म्हणाली, आता हवा तेवढा वजू करा, पंधरा दिवस जाणार नाही.

मी निवांत झोपलो. कितीतरी दिवसांनी असा झोपलो असेन.

सकाळी रेघ गडद लालतपकिरी उठली होती. मी कौतुकानं वर्षाताईंपुढे हात केला. त्यांनी साचा बसवला आणि थांबल्या. साचा पुन्हा काढला, पुन्हा बसवला. मग हळूच विचारलं, हे कोणी काढलं? मी अभिमानानं सांगितलं, माझ्या बायकोनं. मेंदी काढते ती.

त्या डॉक्टरबाईंना बोलवायला गेल्या. बाईंनी पाहिलं. नसीमची रेघ सरळ होती. त्यांची रेघ कोपराजवळ जरा वळत होती, कारण माझा हात तिथे वळतो. फरक बोटाच्या रुंदीएवढाही नव्हता, पण आता त्यांची खरी रेघ कुठली हे कुणालाच सांगता येईना. आणि नसीम म्हणाली होती तेच, मेंदी पंधरा दिवस जाणार नव्हती. त्या दिवशी लाईट मिळाली नाही. नवा साचा, नवा स्कॅन, नवा हिशेब. यात तीन दिवस गेले.

ज्यांना लाईट चालू आहे त्यांना मी हात जोडून सांगतो. रेघ गेली तर जाऊ द्या. गेलेली रेघ ते लोक पुन्हा शोधून काढतात. आपण काढायची नाही, पेनानं नाही, टिकलीनं नाही, कशानंच नाही. आम्हाला मेंदी काढू नका असं कुणी सांगितलं नव्हतं, कारण असं कुणी करेल हे तिथे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. आमच्यानंतर वर्षाताई सगळ्यांना सांगतात. अगदी टक्कल पडलेल्या आजोबांनासुद्धा सांगतात, मेंदी लावायची नाही.

फुगलेली गाठ

नव्या स्कॅनमध्ये गाठ आधीपेक्षा थोडी मोठी दिसली. डॉक्टरबाई म्हणाल्या की लाईट चालू असताना असं होतं. गाठ आतून मरायला लागली की कधी कधी फुगते, नुसत्या आकारावरून आत्ता काही ठरवायचं नाही. तीन दिवसांच्या खंडानं ती वाढलेली नाही हेही त्यांनी दोनदा सांगितलं.

पण घरी पोचेपर्यंत त्यातलं फक्त 'मोठी झाली' एवढंच उरलं. मामा फोनवर म्हणाला, मी सांगत नव्हतो? आणि अम्मा, जिनं कधी सुनेला वाकड्या शब्दानं दुखवलं नव्हतं, ती नसीमला म्हणाली:

"मेंदीची हौस नडली गं तुझी. माझ्या पोराचा हात जायचा आता."

नसीम पोळ्या लाटत होती. तिनं लाटणं खाली ठेवलं नाही. राहिलेल्या पोळ्या लाटल्या, भाजल्या, सगळ्यांना वाढलं. त्या दिवसापासून तिनं माझ्या उजव्या हाताला बोट लावलं नाही. कातडी लाल झाली, मग काळी पडली, कोपराच्या घडीत सोलली, तिथे मलम लावायचं होतं. ती मलमाची ट्यूब उघडून माझ्या डाव्या हातात द्यायची. जेवताना ताट माझ्याजवळ सरकवायची, पण हाताला हात लागू द्यायची नाही. मेंदीची बोलावणी आली तर तब्येत बरी नाही सांगायची. मी तिला म्हटलं, तू प्रेमानं केलंस, यात गुन्हा काय. ती म्हणाली, "ऑपरेशन होऊ द्या. तुमचा हात तुमच्याकडे राहू द्या. मग बघू."

आजारात माणूस स्वतःच्या भीतीत इतका बुडतो की शेजारी कोण बुडतंय ते दिसत नाही. मला दिसलं ते या ट्यूबमुळे. शेवटच्या आठवड्यात मी अम्माला घेऊन हॉस्पिटलला गेलो. डॉक्टरबाईंना म्हटलं, माझं नको, हिला सांगा. बाईंनी हातातलं काम बाजूला ठेवलं. दोन्ही स्कॅन लावून अम्माला दाखवले. गाठ का फुगली ते सांगितलं, आणि तुमच्या सुनेच्या मेंदीमुळे काहीही बिघडलेलं नाही, फक्त आम्हाला जास्तीचं काम पडलं, असं सांगितलं. अम्माला फोटोतलं किती कळलं माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती नसीमच्या समोर जाऊन पाटावर बसली, डोक्यावरचा पदर काढला आणि अंबाडा सोडला.

"केस लय पांढरे झाले गं. ऑपरेशनला समदे भेटाया येतील, बरं दिसत नाय. लाव मेंदी."

नसीमनं लोखंडी कढईत मेंदी भिजवली. अम्माचे केस म्हणजे काय, मूठभर. ते लावायला तिनं दुपार घालवली. मी दाराशी बसून होतो आणि मला वाटत होतं की हे असंच संध्याकाळपर्यंत चालू राहावं.

टेकलं

लाईट संपली. सोनवणेबाईंनी शेवटच्या दिवशी माझ्या हातावर पेढा ठेवला आणि आता पेपर सुलटा सोडवा म्हणाल्या. मग महिनाभर थांबणं. हे थांबणं लाईटपेक्षा जड जातं. रोज कुठे जायचं नसतं, कुणी हलू नका म्हणत नाही, आणि गाठ हाताखाली तशीच असते. ऑपरेशनच्या आधी पुन्हा एमआरआय झाला. गाठ थोडी आक्रसली होती आणि तिच्याभोवती कड धरली होती. सर्जन म्हणाले, प्रयत्न करण्यासारखं आहे. पण सहीच्या वेळी त्यांनी हेही सांगितलं की उघडल्यावर नस गाठीत गेलेली दिसली तर नस घ्यावी लागेल, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर जास्त. मी डाव्या हातानं सही केली. उजव्यानं करवेना.

शुद्धीवर आलो तेव्हा आधी खांद्यापासून खाली पाहिलं. पट्ट्यांचं भलंमोठं गाठोडं होतं आणि त्याच्या टोकाला पाच बोटं होती. मी ती मोजली. सर्जन म्हणाले, एक स्नायू काढला, नस वाचली, पण ती झोपली आहे. जागी होईल का, किती होईल, ते वेळ सांगेल. काढलेल्या गाठीच्या कडा साफ, म्हणजे कडेला कॅन्सर उरलेला नाही, असा रिपोर्ट आठवड्यानं आला.

आज हे लिहितोय तेव्हाही जखमेची कातडी चकाकते, थंडीत ओढते. लाईट घेतलेली कातडी सावकाश भरते, महिनोन्‌महिने ड्रेसिंग करावं लागलं. अंगठ्याला अजून अर्धवटच कळतं. सुई धरली की ती पडली का बोटात आहे ते बघावं लागतं. पातळ कापड मी कापतो, जाड कापड मेहुणा कापतो. हा आजार फुप्फुसात उतरू शकतो म्हणून दर काही महिन्यांनी छातीचा स्कॅन असतो, आणि त्या आठवड्यात माझ्याशी घरात कुणी वाद घालत नाही. हे सगळं ठीक आहे. पण मला सांगायचं आहे ते पहिल्या ड्रेसिंगच्या दिवसाचं.

पट्टी पूर्ण सोडली होती. मी जखमेकडे बघणार नाही असं आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून मान दुसरीकडे वळवून पडलो होतो. त्या बाजूला नसीम उभी होती, पलंगाच्या कडेला, हात पदरात धरून. सर्जननी सांगितलं, अंगठा आणि शेजारचं बोट जवळ आणा. चिमूट धरतो तशी धरा. नुसता विचार करा आणि आणा.

मी आणलं. म्हणजे आणायचं ठरवलं. खांद्यापासून कोपरापर्यंत काहीतरी ओढलं गेल्याचं जाणवलं, पुढे काहीच नाही. बोटं हलली का तशीच पडून आहेत, मला कळत नव्हतं. सर्जन हातावर वाकले होते. मान वळवून बघायची माझी छाती होईना. पुन्हा ओढलं, आणखी जोर लावला, तरी तेच.

मी नसीमच्या तोंडाकडे बघत होतो. ती माझ्या हाताकडे बघत होती, त्या संध्याकाळी खिडकीशी बसून रेघेचा माग काढताना बघत होती तशी, अगदी बारकाईनं. तिचे डोळे भरले, पण तिनं ते पुसले नाहीत, कारण पुसले असते तर मधे काही बघायचं चुकलं असतं.

"टेकलं," ती म्हणाली.

मी विचारलं, नक्की? ती म्हणाली, "नक्की. एकमेकांना टेकलंय."

आणि तिनं पुढे होऊन माझी ती दोन बोटं, जुळलेली होती तशीच, आपल्या मुठीत घेतली. मला तिची मूठ जाणवत नव्हती. सर्जन पट्टी बांधायला आले, तिला बाजूला व्हा म्हणाले. ती झाली नाही, म्हणून त्यांनी तिच्या हाताच्या खालून पट्टी बांधायला सुरुवात केली.